गळती

रबाळ्याला, कंपनीच्या मागच्या शेडमध्ये
पाच नळ्या पडून आहेत.
पडून म्हणजे लाकडी घोड्यांवर, चंदेरी कागदात,
आठ-आठ मीटरच्या,
दोन्ही तोंडं बंद, पोटात नायट्रोजन.
सोळा होत्या. अकरा गेल्या.

गेल्या तिथे अणूच्या गाभ्यावर काम चालतं,
दोन नद्यांच्या मधल्या एका गावात.
गावाचं नाव मला नीट उच्चारता येत नाही.
खोक्यांवर मात्र मीच ते स्टेन्सिलने रंगवलं, त्यांच्या लिपीत;
एक अक्षर उलटं उमटलं
आणि कस्टमने खोकं नऊ दिवस अडवलं.

करारावर सह्या दिल्लीत झाल्या.
आम्हाला फोटो मिळाला:
दोन झेंडे, मधे पाण्याच्या बाटल्या.
आमच्या वाट्याला आली सातशे वीस वेल्डची यादी
आणि तमारा.

पन्नाशीची, उन्हाने लाल झालेली मान,
पहिल्याच दुपारी माझ्या डब्यातली जवळ्याची चटणी
बोटाने दाखवून मागून घेणारी.
तिने शिकवलं:
हेलियम वरून खाली सोडायचा.
तो हलका, वर पळतो,
खालून सुरुवात केलीस
तर वरच्या भोकाचा गुन्हा खालच्याच्या नावावर लागेल.
हात सावकाश, सेकंदाला एक बोट.
मशीन बोललं तर आधी श्वास सोड, मग खूण कर.
आकडे, बोटं आणि तिचं ‘न्येत’,
जे मला आमच्या ‘नाय’सारखंच ऐकू यायचं.
एवढी आमची भाषा.

बाबा एकदा डबा द्यायला आले.
गेटच्या डाव्या हाताला ते कधी थुंकत नाहीत,
तिथून आमचा बांध जायचा.
शटरमधून बघत विचारलं,
“या नलीनशी काय जानार गो?”
काहीच नाही.
“पानी?”
नाही.
“वारा?”
तोही काढून टाकायचा.
“मंग गलती कशाची शोधतंस?”

आत काहीच नसतं ना, मी म्हटलं,
म्हणून बाहेरचं सगळं आत यायला बघतं.
ते एकदम गंभीर झाले.
“उधान,” म्हणाले.
खेकड्याचं एक बीळ, करंगळीएवढं,
आणि रात्रीत अख्ख्या शेतात मीठ.
अमावास्येला कंदील घेऊन
ते बांधावर ओणवे चालायचे,
मधेच थांबून मातीला कान लावायचे.

तमाराला हे सांगायला मी कागदावर खेकडा काढला.
तिने त्याच्याखाली गळतीचा दर लिहिला
आणि कागद मशीनवर चिकटवला.

मग तिकडे काहीतरी झालं,
बातम्यांत असतं ते.
पत्र आलं: तूर्त स्थगित.
पैसे यायची वाट बंद झाली.
तमारा एका बुधवारी गेली,
तिचा टॉर्क पाना माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून.
शेठ म्हणाले, स्टेनलेस आहे,
भंगारवाल्याला किलोचा भाव विचारून ठेव.
मी विचारलेला नाही.

खाडीचा वारा पत्र्याच्या फटीतून येतो,
घोड्यांचे खिळे गंजले,
शटरची साखळी दोनदा बदलली.
दर सोमवारी मी पाच काटे बघते.
एक पूर्णांक दोन. पाचही.
महिन्याच्या पहिल्या तारखेला तिकडून एकच शब्द येतो:
काटा?
मी आकडा पाठवते.
ह्यावर कोणाची सही नाही.

ह्या खेपेला तिने उलट फोटो धाडला.
पांढरी पडलेली नदी, तिच्यावर चालणारी माणसं,
एक ती असावी.
बाबांनी चष्मा कपाळावर चढवून
मोबाइल नाकाशी धरला.
“भरती कवा येते तिकडं?”
तिथे समुद्र नाही, बाबा.
“आनि खेकडं?”

माहीत नाही, म्हटलं.
विचारते.